हक्क बर्फात ठेवणारा घरमालक

माझा घरमालक माझा कचरा तपासायचा. चोरून नाही, मला समोर उभं करून. शनिवारी मी नगरला घरी जायला निघाले की तात्या ओट्यावर खुर्ची टाकून वाट अडवून बसलेले असायचे. "म्याडम, पिशवी दावा." पिशवीत आठवड्याचा कचरा हवा. शाम्पूच्या पुड्या, बिस्किटांचे कागद, टिकल्यांची पाकिटं, जे सोमवारी नगरहून आलं ते शनिवारी नगरला परत गेलं पाहिजे. एकदा मी पावडरचा रिकामा डबा मुद्दाम मोरीमागे भिरकावला. पुढच्या शनिवारी तो धुऊन पुसून माझ्या चपलांशेजारी ठेवलेला होता. झाकणही शोधून घट्ट लावलेलं.

मी तेव्हा नुकतीच ग्रामसेविका झाले होते. तिसगावच्या पलीकडे, डोंगराच्या दोन अंगांना असलेली दोन गावं माझ्याकडे होती. वरचं गाव आणि खालचं गाव, असंच सगळे म्हणायचे. मी खालच्या गावात तात्यांच्या घरात एक खोली घेऊन राहायचे. कडक इस्त्रीची सुती साडी, डोळ्यांवर हिरव्या काचांचा गॉगल, खांद्याला पर्स आणि तोंडात परिपत्रक. स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं होतं आणि इतरांचं विचारायची मला कधी गरज भासली नाही. त्या वेळच्या फोटोवर बोट ठेवून माझी नात परवा विचारत होती, ही रागीट बाई कोण? मी म्हटलं, होती एक, तिची बदली झाली.

तात्या लष्करात मेकॅनिक होते. इंजिनं आणि जनरेटर हे त्यांचं काम. नोकरीच्या अखेरीला सरकारी मोहिमेबरोबर त्यांना थेट अंटार्क्टिकाला धाडलं होतं. तिथल्या भारताच्या तळावर एक अख्खा हिवाळा त्यांनी जनरेटर बंद पडू दिला नाही. तिथून परतले ते एक नारिंगी जाकीट आणि एक आंतरराष्ट्रीय करार घेऊन. जाकीट वर्षातून एकदा घालायचे. करार रोज.

गावाचा मात्र त्यांच्यावर विश्वास नव्हता. पारावरची मंडळी विचारायची, तात्या, गेल्ता तर तिथला एखादा दगड तरी आनायचा. तात्या सांगायचे, तिथला खडासुद्धा उचलायचा नाही असा नियम आहे. मग पारावर हशा पिकायचा. काशीला जाणारा गंगा आणतो, दुबईला जाणारा अत्तर आणतो, आणि हा गडी जगाच्या टोकाला जाऊन हात हलवत आला. जाकीट काय, नगरच्या बाजारात मिळतं. तात्यांना याचा राग येत नसे. आपण नियम पाळला याचा हाच पुरावा, असं ते गंभीरपणे सांगायचे, आणि त्यावर पुन्हा हशा पिकायचा.

जाकिटाचा दिवस म्हणजे जूनमधला सर्वांत मोठा दिवस. आपल्याकडे ऊन हटता हटत नाही, तेव्हा तिथे भर रात्र असते, आणि तळावरची माणसं त्या दिवशी सण करतात. म्हणून आमच्याकडे पाठीला घामाच्या धारा लागलेल्या असताना तात्या ते जाकीट गळ्यापर्यंत बंद करून ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिरा खायला घालायचे. शिरा त्यांची बायको करायची. तिला सगळा गाव आक्का म्हणायचा. आक्का रवा भाजता भाजता मला म्हणायची, "ह्यांला थंडी वाजती म्हनून चुलीम्होरं मी."

नेलेला कचरा परत आणायचा हा तिथलाच नियम, आणि बाकीही होते. तिथे पक्ष्यांच्या फार जवळ जायचं नाही म्हणून इथे अंड्यांवर बसलेल्या कोंबडीभोवती तात्या खडूने गोल आखायचे. गोलाच्या आत पाय पडला तर मला अंगणातून हाकलायचे. तिथून घसरगाडी ओढणारी कुत्री करारानेच हलवली म्हणून गावातल्या कुत्र्यांना डोंगरावर बंदी. ती कुत्र्यांनी कधी पाळली नाही. आणि डोंगराच्या पायथ्याशी एक पाण्याची बादली आणि काथ्याचा ब्रश ठेवलेला. वर जाणाऱ्याने आधी चपला घासायच्या, धोतराचा सोगा, साडीचा काठ झाडायचा, म्हणजे गाजरगवताचं बी वर जात नाही. बायका सरपणाला निघाल्या की तात्या ब्रश घेऊन उभे. बायका हसून एकमेकींना म्हणायच्या, चला गं, नाका आला.

सर्वांत छळ पाहणीचा. करारात म्हणे असं आहे की कोणाचाही तळ कोणीही, न कळवता, येऊन बघावा. कुलूप नाही, लपवाछपवी नाही. तात्या माझ्या दारात येऊन खाकरायचे, "पाहनी," म्हणायचे आणि खोलीवर नजर फिरवून जायचे. मी आक्काकडे तक्रार नेली. ती म्हणाली, मग तुम्हीही करा की. भर दुपारी मी तात्यांच्या खोलीत शिरले. तात्या रेडिओ ऐकत पडले होते आणि उशीखाली फरसाणाचं प्लॅस्टिकचं पाकीट. मला वाटलं, आता खजील होतील. उलट माणूस खुलला, घरी पाहुणा आल्यासारखा. पाकीट स्वतः हातात दिलं, कुठून आणलं, कधी आणलं ते सांगितलं आणि म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी उलटी पाहणी केली. मला फरसाणही खायला लावलं. भांडायला गेलेली मी तोंड भरून परत आले.

तो करार मला त्यांनी एका दुपारी जेवताना समजावला. भाकरी ताटात घेतली आणि तिच्या मधोमध बोट टेकवलं. हा ध्रुव. सात देशांनी इथून रेघा मारून आपापला तुकडा सांगून ठेवलाय. तिघांचे तुकडे तर एकमेकांवर चढलेले, भावकीच्या बांधासारखे. मी विचारलं, मग भांडण नाही होत? तात्या म्हणाले, "न्हाई. समद्यांनी हक्क बर्फात ठिवलाय. बर्फात नासत न्हाई."

म्हणजे असं, की ज्याचा दावा आहे त्याने तो सोडायचा नाही. ज्याला तो पटत नाही त्याने तो मानायचा नाही. नवा दावा कोणी सांगायचा नाही, आणि करार चालू आहे तोवर जुन्या दाव्यावरून कोणी कोणाला अडवायचं नाही. तिथे लढाईसाठी लष्कर नाही, खाण नाही. तिथे जाऊन जो खरोखर काम करतो त्याला मत, आणि ठरेल ते सगळ्यांच्या होकाराने. एकजण नाही म्हणाला की नाही.

मला हसू आलं. मी म्हटलं, ही तर पळवाट झाली. प्रश्न सुटला कुठे?

"सुटला आसता तर त्यो बर्फ कवाच खनला आसता," तात्या म्हणाले.

आक्का परातीवरून ओरडली, "वाटन्या झाल्या आसल्या तर खावा आता. गार झाली ती."

एवढं ऐकूनही मला काही कळलं नाही, कारण मला तेव्हा सगळंच आधीपासून कळलेलं असायचं.

आता डोंगराचं सांगते. दोन्ही गावांच्या मधोमध तो उभा. गायरानाचा, पण कोणत्या गावच्या गायरानाचा हे कोणालाच सांगता येत नव्हतं. शीव नेमकी कुठून जाते यावर दोन गावांचं जुनं वैर होतं. मंगळवारी मी वरच्या गावात बसले की तिथले सरपंच म्हणायचे, आपला डोंगर. मी म्हणायचे, हो. गुरुवारी खालच्या गावात तिथले सरपंच म्हणायचे, आपला डोंगर. मी म्हणायचे, हो. दोन्ही ग्रामपंचायतींची मी सचिव. एकाच तोंडाने दोन हो, हे मला माझ्या इस्त्रीच्या साडीला शोभेना.

तेवढ्यात क्रशरवाला आला. पांढरी जीप, पांढरे बूट, बोलणं सायीसारखं. त्याला डोंगर फोडून खडी काढायची होती. त्याला हवा होता फक्त गावाचा ठराव, आणि बदल्यात तो गावाला रस्ता देणार, देवळाला सभामंडप देणार. गाव कोणतंही असो, त्याला फरक नव्हता. फक्त डोंगर एकाच गावाचा आहे हे एकदा ठरू दे. तो म्हणाला, "मॅडम, मोजणी करून घ्या. ज्याचा निघेल त्याच्याशी बोलतो." मला माणूस फार समंजस वाटला. दोन्ही ग्रामपंचायतींकडून मोजणीचे अर्ज मी स्वतः तालुक्याला, पाथर्डीला नेऊन दिले. माझ्या जन्माआधीचा वाद माझ्या हातून मिटणार होता. सत्काराला कोणती साडी नेसायची तेही मी मनात ठरवून टाकलं. शाल हिरवी मिळाली तर जांभळी, लाल मिळाली तर मोतिया.

आनंदाची बातमी म्हणून मी ती तात्यांना सांगितली. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खाकरणं ऐकू आलं. पाहते तर तात्या जाकीट घालून उभे. जून नव्हता.

"म्याडम," ते म्हणाले, "ज्याचा निघंल त्यो इकनार. ज्याचा न्हाई निघनार त्यो भांडनार. डोंगर कुनालाच न्हाई ऱ्हायचा. चला."

आम्ही वर चढलो. अर्थात आधी पायथ्याशी माझ्या साडीचा काठ झाडून घेतला गेला. अर्ध्या चढावर एका कपारीतून पाणी झिरपत होतं. बोटाएवढी धार, त्याखाली ओलसर शेवाळ. तात्यांनी सांगितलं, दोन्ही गावांच्या विहिरींना इथलंच पाणी पोचतं. माणसांनी चर खणून, गुरं आवरून ते थांबवलंय. सुरुंग लागला की ही कपार हलणार, मग पाणी कुठे जाईल ते त्यालाच ठाऊक. मी म्हटलं, पण तालुका तर सगळीकडे हिरवाच दिसतोय. तात्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी आदराने म्हणाले, "म्याडम, चष्मा काढा."

मी गॉगल काढला. खाली तालुका भाजलेल्या पापडासारखा पिवळा तपकिरी पडला होता, क्षितिजापर्यंत. हिरवा होता तो फक्त आमच्या पायाखालचा डोंगर. इतके महिने मी तो सगळा हिरवा तालुका डोळ्यांवर घेऊन फिरत होते आणि वरिष्ठांना तसं कळवतही होते.

मोजणीवाले यायला थोडेच दिवस उरले होते. तात्यांनी वरच्या गावात जाऊन, खालच्या गावात फिरून सगळ्यांना डोंगराच्या माथ्यावर बोलावलं. लोक आले, कारण दोन्ही गावांना वाटलं, दुसरं गाव मार खाणार आणि ते बघायला मिळणार. माथ्यावर एका बाजूला वरचं गाव, दुसऱ्या बाजूला खालचं, आणि मागे करवंदीच्या जाळ्यांशी बायका.

तात्यांनी करार मांडला. वरचे सरपंच संशयाने म्हणाले, "म्हंजी डोंगर आमचा न्हाई?"

"तुमचाच," तात्या म्हणाले.

खालचे सरपंच उठले. "मंग आमचा न्हाई?"

"तुमचाबी."

"कागदावर काय लिवायचं?"

"कायबी न्हाई. वर्सातून एकदा हितं यायचं, डोंगर आमचा म्हनून मोठ्यानं सांगायचं. दुसऱ्यानं ऐकून घ्यायचं. मानायचं न्हाई. आन मंग कामाचं बोलायचं."

पुरुषांना हे पटायला वेळ लागला नाही. कोणालाच हरावं लागत नव्हतं, वर ओरडायलाही मिळत होतं. खाण नाही, चराई नाही, हेही त्यांनी मानलं, कारण गुरं वळायला त्यांच्यातलं कोणी वर येतच नव्हतं. तात्यांनी विचारलं, समद्यांचा होकार? दोन्ही बाजूंनी हात वर गेले. तात्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता शिरा सांगतात की काय. आणि त्या आनंदात त्यांनी एक वाक्य जास्तीचं बोलून टाकलं. म्हणाले, तिकडे तर असं आहे, जो बर्फावर खरं काम करतो त्यालाच मत.

मागून आक्का उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग हितं काम कोन करतं?"

ती बोटांवर मोजू लागली.

"गवत आमी कापतो. काटक्या आमी नेतो. चर बुजला तर उकरायला आमीच. ह्यातला कोन वर येतो, ते सांगा. बिडी वढायला सोडून."

वरचे सरपंच हसत म्हणाले, तात्या, तुमच्या तळावरच फितुरी झाली. पण तात्या हसले नाहीत. ते आक्काकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. डोंगर हातात आला होता आणि करार त्याच हातातून तो काढून घेत होता. बायका नाही म्हणाल्या असत्या, तर मोजणी, मग ठराव, मग सुरुंग. हे सगळं त्यांना कळत होतं. तरी त्यांनी आपला हात खाली घेतला. मग दोन्ही बाजूंना वळून म्हणाले, "हात खाली. आपल्याला मत न्हाई."

पुरुषांनी कुरकुरत हात खाली घेतले. मीही घेतला. वर कधी केला होता तेच मला आठवत नव्हतं.

बायका जाळ्यांपलीकडे जाऊन बसल्या. दोन्ही गावांच्या एकत्र, कारण वरच्या गावच्या कितीतरी लेकी खालच्या गावात दिलेल्या आणि खालच्या गावच्या वरच्या गावात. शिवेचं वैर पुरुषांना होतं. बायकांना ती माहेराची वाट होती. आतून बराच वेळ बोलणं, मधूनच हसणं ऐकू येत होतं. तात्या उन्हात उभे. नंतर मला एकदा सांगत होते, तळावर वादळात जनरेटर बंद पडायची वेळ आली होती, त्यापेक्षा हे वाईट होतं.

आक्का परत आली. बायकांचा होकार होता, पण त्यांचं म्हणणं होतं, चराई बंद म्हणजे आमच्या शेळ्यांनी काय खायचं? म्हणून गवत कापून न्यायचं, दोन्ही गावांनी एकाच वेळी, दिवस बायका ठरवतील. चर पुरुषांनी उकरायचे. आणि शेवटचं, हे तिने नवऱ्याकडे बघून सांगितलं, "काठ आमचा आमी झाडू. तुमी बुरूस घिऊन हुबं ऱ्हायाचं न्हाई." तात्यांनी मान हलवली. जगातल्या कोणत्याही देशाने यापेक्षा जड मनाने सही केली नसेल.

दोन्ही ग्रामपंचायतींनी मोजणीचे अर्ज मागे घेतले. क्रशरवाला माझ्याकडे आला, म्हणाला, मॅडम, मग कुणाचा निघाला? मी म्हटलं, दोघांचाही. मग बोलायचं कुणाशी? मी सांगितलं, दोन्ही गावांतल्या सगळ्या बायकांशी, आणि सगळ्यांचा होकार लागेल, एक नाही म्हणाली तरी नाही. त्याने डोंगराकडे पाहिलं, जाळ्यांतून उतरणाऱ्या बायकांकडे पाहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसला. मला शाल मिळाली नाही. उलट माझ्या अहवालात दर वर्षी त्या वादापुढे "प्रलंबित" असं येऊ लागलं आणि साहेब दर वर्षी विचारायचे, हे मिटत का नाही? मी दर वर्षी दुसरीच सबब सांगायचे. त्या कामात मात्र मी पुढे फार प्रवीण झाले.

गेल्या साली तात्या गेले. यंदा माथ्यावरच्या बैठकीला मला मुद्दाम बोलावलं होतं. गुडघे कुरकुरत होते, तरी गेले. तेव्हाचे सरपंच आता नाहीत, दुसरे आहेत, पण रीत तीच. वरच्या गावाने मोठ्याने सांगितलं, डोंगर आमचा. खालच्या गावाने ऐकून घेतलं. खालच्या गावाने सांगितलं, डोंगर आमचा. वरच्या गावाने ऐकून घेतलं. मग एक नवा विषय निघाला. इथे, याच जागी, तात्यांचा दगडी चौथरा बांधायचा, नाव कोरायचं. दोन्ही गावं एकमेकांशी आधीच बोलून आली होती. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं. पुरुषांनी होकार दिला, बायकांनी दिला. डोळ्यांत पाणी येऊन मीही हात वर केला, मला मत नसताना.

सगळे आक्काकडे पाहू लागले. ती विळा मांडीवर ठेवून बसली होती.

"न्हाई," ती म्हणाली.

वरचे सरपंच तिच्याजवळ जाऊन बसले. आक्का, तात्यांमुळं डोंगर राहिला, एवढं तरी करू द्या, असं काकुळतीने म्हणाले.

"डोंगर तात्यांचा म्हनून ऱ्हायला व्हय?" आक्का म्हणाली. "आज खालच्या गावच्या मानसाचा चौथरा हुईल. उद्या तुमी तुमच्या मानसाचा बांधसाल. मंग डोंगर कुनाचा, ते चौथरं बोलाया लागत्याल."

एक नाही आला होता, त्यामुळे विषय संपला होता. तिने पदराने तोंड पुसलं. घाम आलाय म्हणाली. मी तिच्याकडे बघत होते हे तिला आवडलं नाही, म्हणून मी खाली गावाकडे पाहिलं.

"म्होरलं बोला," आक्का म्हणाली. "गवत कवा कापायचं?"

वरच्या गावच्या बायका म्हणाल्या, या आठवड्यात. खालच्या म्हणाल्या, अजून वाढू दे. एकमत होईना. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.